संगीतबारीचें घर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यांत डूलिन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १८३२ सालीं निघालेली ओकॉनर यांची मद्यशाळा त्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या चालविली. मद्य त्या देशांत कोठेंहि मिळतें. ह्या जागेची कीर्ति झाली ती तेथील गाण्यावाजविण्यामुळें. आसपासचे शेतकरी संध्याकाळीं जमत, आणि मायको रसेलसारखा (१९१५–१९९४) गुणी वादक पत्र्याचा पावा ओठांस लावून कानोकानीं चालत आलेल्या चाली वाजवी. घर चालावें म्हणून दार उघडें ठेवावयाचें, आणि दार उघडें म्हणून गाणें चालावयाचें, असा तो साधा व्यवहार होता.

आयर्लंड कोठें आणि सोलापूर जिल्हा कोठें, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. पण पुण्याहून सोलापुरास येतांना टेंभुर्णी मागें पडली कीं माढें तालुक्यांतील मोडनिंब लागतें. कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरचें तें एक स्टेशनहि आहे. लावणीच्या रसिकांना हें गांव ठाऊक आहे तें तेथील संगीतबाऱ्यांमुळें. गाण्यावर घर आणि घरावर गाणें जगविण्याचा तोच व्यवहार तेथेंहि चालत आला आहे. मात्र त्याचा हिशेब अगदीं निराळा आहे.

संगीतबारी म्हणजे तमाशाच, परंतु ढोलकीफडाचा नव्हे. फड तंबू घेऊन जत्रेजत्रेस हिंडतो. त्याला गण असतो, गवळण असते आणि उजाडेपर्यंत चालणारा वग असतो. बारीला वग नाहीं. गाणें आणि नाच, एवढेंच तिचें भांडवल. एका थिएटरांत, ज्यास अलीकडे कलाकेंद्र म्हणतात, निरनिराळ्या पार्ट्या बिऱ्हाड करून राहतात आणि प्रत्येक पार्टीची मालकीण वेगळी. मालकीण हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बहिणी, मुली, भाच्या मिळून पार्टी होते. जोडीस पेटीवाला, तबलजी व ढोलकीवाला. मावशीनें गावें, भाचीनें नाचावें, आणि कोपऱ्यांत पेंगत बसलेल्या पोरीनें तें सारें पाढ्यांसारखें पाठ करावें, हीच येथील शाळा. पुस्तक नाहीं, परीक्षा मात्र रोज रात्रीं.

बारीचा खरा अलंकार म्हणजे बैठकीची लावणी. ती बसून गावयाची आणि बसूनच तिची अदा करावयाची. एकच ओळ पुनःपुन्हां येते. पहिल्या वेळीं तींत रुसवा असतो, दुसऱ्या वेळीं आर्जव, तिसऱ्या वेळीं नुसती थट्टा. शब्द तेच, सूरहि बहुधा तेच. बदलतात ते डोळे, बोटें आणि पदराचें टोंक. विरहाची बालेघाटी संथ चालते, छक्कड चटकदार उडते. पिलू, भैरवी, यमन ह्यांची छाया तींत ओळखूं येते. ज्यांनीं लावणी केवळ घुंगरांच्या दणदणाटांत ऐकली, त्यांनीं लावणी अर्धीच ऐकली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. अर्थात् गिऱ्हाइकाची फर्माईश चित्रपटगीताची आली तर तेंहि म्हणावें लागतें, कारण दौलतजादा त्याच्या हातीं असते.

शिष्ट समाजानें ह्या कलेशीं कसें वर्तन केलें हें पाहावयास सोलापूरकरांना दूर जावयास नको. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें जन्मलेला रामजोशी हा भटभिक्षुकी करणाऱ्या घराण्यांतला मुलगा. तो धोंडी शाहिराच्या तमाशांत रमला म्हणून थोरले बंधु मुद्गल जोशी ह्यांनीं त्यास घराबाहेर काढलें. त्याच रामजोशावर १९४७ सालीं चित्रपट निघाला तेव्हां पांढरपेशांनींहि गर्दी केली. पंढरपुरांत तर रुक्मिणीमातेच्या सेवेकरी उत्पात घराण्यांतील ज्ञानोबा उत्पात बैठकीची लावणी मोठ्या जाणकारीनें गात. विसाव्या शतकाच्या अखेरीस अकलूजच्या लावणीस्पर्धेनें बारीतल्या कलावतींना मोठा रंगमंच दिला. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) ह्या कोल्हाटी समाजांत जन्मल्या. त्यांस २०१२ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां त्यांचें वय सत्त्याण्णवाच्या घरांत होतें. सन्मान झाला हें चांगलेंच. तो यावयास इतकीं वर्षें कां लागलीं हें मात्र विचारावयास हवें.

पण टाळ्यांच्या आवाजांत एक गोष्ट ऐकूं येत नाहीं. डूलिनच्या घरांत गाणाऱ्याला लग्न करावयास कोणी मना करीत नसे. कोल्हाटी समाजांतील रूढीप्रमाणें जी मुलगी नाचावयास उभी राहिली तिला संसार नाहीं. धनिक आश्रयदात्याकडून तिचा ‘चिरा’ उतरविण्याचा विधि होई आणि तिच्या कमाईवर भाऊ, बाप व त्यांचे संसार चालत. सुना घरांत झाकून ठेवावयाच्या आणि लेकी दिव्याखालीं उभ्या करावयाच्या, असा हा उफराटा न्याय. आपल्याच जिल्ह्यांतील करमाळें तालुक्याच्या नेरलें गांवीं वाढलेले डॉक्टर किशोर शांताबाई काळे ह्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ ह्या आत्मचरित्रांत हें सारें आडपडदा न ठेवतां लिहिलें. त्यांच्या आईला शिकावयाचें होतें. घरानें तिच्या पायांत चाळ बांधले. मुलगा मात्र हालअपेष्टा सोसून वैद्यकीची परीक्षा उतरला. २००७ सालीं अकालीं त्यांचें निधन झालें.

त्यांच्या नांवांतील मधला शब्द पाहावा. वडिलांच्या जागीं आईचें नांव आहे. शाळेच्या दाखल्यावर बारीच्या मुलांचें नांव घालतांना हा रकाना नेहमींच अडत आला. आतां महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या सर्वच मुलांच्या सरकारी कागदोपत्रीं स्वतःच्या नांवानंतर आईचें नांव, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव असा क्रम ठरविला आहे. मोडनिंबच्या बिऱ्हाडांतील बाईला त्यांतला पहिला भाग नवा वाटणार नाहीं. ती मुलाला शाळेंत घालावयास येईल, आपलें नांव स्पष्ट सांगेल, आणि लेखणी पुढच्या नांवापाशीं थांबली कीं मास्तरांच्या तोंडाकडे पाहत उभी राहील.