तापा : स्पेनमधले उभ्याउभ्याचे खाणे



आजचा विषय पत्रिकेत वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. राजकारण, वाङ्मय, विज्ञान यांची जेथे वर्णी लागायची, त्या व्यासपीठावर स्पेनमधल्या खाण्याचे काय काम? शंका रास्त आहे. परंतु एखादा समाज काय खातो यापेक्षा तो कोणाबरोबर खातो, हे पाहिले म्हणजे त्याची ओळख लवकर पटते, असा आमचा अनुभव आहे.

'तापा' या स्पॅनिश शब्दाचा साधा अर्थ झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाचा नाहीतर मांसाचा तुकडा ठेवीत, म्हणून हे नाव, अशी एक कथा सांगतात. तेराव्या शतकातला दहावा आल्फोन्सो राजा आजारपणात घोटाबरोबर घासभर खाऊन बरा झाला, अशी दुसरी. पुरावा मागू लागले की दोन्ही कथा हातातून निसटतात. उरते ती बशी, आणि ती मात्र खरी आहे : चार ऑलिव्ह, चीजचा तुकडा, अंडे-बटाट्याच्या जाड पोळ्याची एक फोड, एवढाच तिचा ऐवज.

ग्रानादा शहरी पहिल्या संध्याकाळी आमची चांगलीच फजिती झाली. एका बारमध्ये आम्ही टेबल धरून ऐसपैस बसलो आणि एकदम पाच पदार्थ मागवले. (बार म्हटल्यावर कोणी दचकू नये. तेथे सकाळी कॉफी मिळते, आजीबाई येतात, लहान मुलेही येतात.) ग्रानादात पेयाबरोबर एक बशी फुकट देण्याची रीत आहे. आम्ही द्राक्षांचा न आंबवलेला रस मागितला होता, तरी बशी आलीच. मागवलेल्या पाच आणि ही सहावी! ती संपवेपर्यंत फळीपाशी उभ्या असलेल्या मंडळींचे तीन ताफे येऊन गेले. एक पेला, एक बशी, दहा मिनिटे गप्पा, की निघाले पुढच्या बारकडे. आम्ही मात्र अन्नाला जखडल्यासारखे बसून होतो.

बशी लहान का, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले. तिच्यावर पोट भरायचे नसते. रात्रीचे जेवण पुढे नऊ-दहाला आहेच. बशी लहान, म्हणून खर्च लहान, आणि भिडही लहान. मित्राला भेटायचे तर त्याला घरी जेवायला बोलवावे लागत नाही, की बोलावले नाही म्हणून रुसवा नाही. बिअरचा पेलाही जेमतेम पाव लिटरचा, किंबहुना त्याहूनही कमी. उन्हाळ्यात ती कोमट व्हायच्या आत संपावी, हा त्यातला व्यवहार.

हिशेबाच्या तऱ्हा तर पाहण्याजोग्या. सेव्हियात 'एल रिंकोन्सिल्यो' नावाचे 1670 सालापासूनचे दुकान आहे. तेथे आपण काय घेतले ते समोरच्या लाकडी फळीवरच खडूने लिहितात आणि पैसे दिले की पुसून टाकतात. उत्तरेस बास्क प्रांतात सान सेबास्तियनला या प्रकारास पिंचो म्हणतात. पावावर पदार्थ रचून त्यात काडी खोचलेली असते, आणि कित्येक ठिकाणी शेवटी उरलेल्या काड्या मोजून बिल करीत. तेथल्या एका पिंचोचे नाव 'हिल्दा'. ऑलिव्ह, लोणच्याची हिरवी मिरची आणि खारवलेला मासा एका काडीवर. 1946 च्या 'गिल्डा' या चित्रपटातल्या नायिकेसारखा तिखट, म्हणून हे नाव! तिकडे फिरणारी टोळी निघतानाच सर्वांचे पैसे एकत्र करते आणि प्रत्येक ठिकाणी त्यातूनच देते. कोणी किती खाल्ले, हे कोणी विचारीत नाही.

परक्या देशात आम्हांला आधार वाटला तो बटाट्याचा. तळलेल्या फोडींवर तिखट रस घालून देतात. बटाटा काय, मिरची काय, दोन्ही 1492 नंतर अमेरिकेतून स्पेनला आलेली. आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीजांनी उतरवली, आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच.

पण या फळीवर एक जुना डागही आहे. तो झाकून आम्ही नुसती चव सांगितली तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. 1492 साली स्पेनने ज्यू लोकांना हाकलले. 1609 पासून बाटवलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही हाकलले. मधल्या काळात शेजारी काय खातो यावर धर्मन्यायासनाचा डोळा असे. डुकराचे मांस नाकारले, चरबीऐवजी तेलात शिजवले, तर चुगली होई. छताला टांगलेली ती डुकराची मांडी एके काळी निष्ठेची परीक्षा होती. आज सेव्हियात त्याच मांडीखाली पालक-चण्यांची बशी येते, जिरे-लसूण घातलेली. पालक त्या देशात आणला अरबांनी. माणसे घालवली, भाजी राहिली. आम्ही ती बशी दोनदा मागवली. चवीसाठी, आणि थोडी त्या माणसांसाठीही.

2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे हे सारे बार बंद झाले. उघडल्यावरही कित्येक प्रांतांत काही काळ फळीपाशी उभे राहण्यास मनाई होती. खायचे ते टेबलाशी, अंतर राखून. पदार्थ तेच, स्वयंपाकीही तेच. तरी टेबलाशी बसल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाचा कोपर लागत नाही, आणि "जरा सरका" म्हणताना सुरू होणारे बोलणे सुरू होत नाही.

आमचेही ओळखीचे बोलणे असेच सुरू झाले. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही शहाण्यासारखे उभे राहिलो. कोपर लागला, क्षमा मागितली, कोठून आलात हे विचारून झाले, आणि निघताना पाहतो तो आमचे पैसे त्या गृहस्थांनी देऊन टाकलेले. आम्ही खिशात हात घातला, तर त्यांनी दारातून पलीकडच्या बारकडे बोट दाखवले. तेथले पैसे आम्ही दिले. तिसरीकडे कोणी दिले, ते आता आठवत नाही. अध्यक्षमहाराजांनी घंटेकडे हात नेलेला दिसतो.