देवाचें शेत

जर्मन भाषेंत दफनभूमीला एक जुना शब्द आहे: 'गॉट्सआकर', म्हणजे देवाचें शेत. पेरलेलें बीं मातीआड होतें आणि योग्य वेळीं उगवतें. तसाच मृत मनुष्यहि पुनरुत्थानाची वाट पाहत या भूमींत विसावला आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा त्या शब्दांत सांठविलेली आहे. इंग्रजांनीं तो शब्द आपलासा केला आणि चर्चभोंवतालच्या आवाराला ते 'गॉड्स एकर' म्हणूं लागले. या शेताची गंमत अशी कीं, त्यांत नांगर कधीं फिरलाच नाहीं. आणि नांगर फिरला नाहीं म्हणूनच तें आज इंग्लंडच्या सृष्टिवैभवाचें एक मोठें कोठार ठरलें आहे.

इंग्लंडांतील कित्येक चर्चें आठशें-नऊशें वर्षांपूर्वींचीं आहेत. त्यांच्या आवाराला कुंपण पडलें, तेव्हांच आंतील गवताळ जमिनीचें भवितव्य ठरून गेलें. कुंपणाबाहेरचीं कुरणें मात्र विसाव्या शतकांत झपाट्यानें पालटलीं. दुसऱ्या महायुद्धांत अन्नधान्याच्या निकडीनें तीं नांगरलीं गेलीं. पुढें रासायनिक खतें आलीं, आणि खतावर पोसलेल्या एकजात गवतानें रानफुलांना हुसकून लावलें. १९३० नंतरच्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड व वेल्स यांच्या सखल प्रदेशांतील फुलांनीं नटलेल्या जुन्या कुरणांपैकीं शेंकडा ९७ नाहींशीं झालीं. जीं थोडीं तुकड्यातुकड्यांनीं वांचलीं, त्यांत चर्चच्या आवारांचा वांटा लहान नाहीं. काउस्लिपचे पिवळे घोस, ऑक्स-आय डेझीचीं पांढरीं फुलें, पिवळ्या मुंग्यांचीं वर्षानुवर्षें वाढत आलेलीं वारुळें आणि त्या मुंग्यांवर ताव मारण्यास येणारा हिरवा सुतार पक्षी, हें सारें तेथें टिकून राहिलें. मृतांनीं जागा राखून ठेविली म्हणून जिवंतांना आसरा मिळाला.

थडग्यांचे दगडसुद्धां निर्जीव नाहींत. त्यांवर जे करडे, पिवळे, नारिंगी ठिपके दिसतात, तीं दगडफुलें होत. महाराष्ट्रांतील गृहिणी मसाल्यांत जें दगडफूल घालतात, त्याचेच हे दूरचे आप्त. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनांतून दगडफूल घडतें. ब्रिटनमध्यें सांपडणाऱ्या त्यांच्या सुमारें २,००० जातींपैकीं ७०० हून अधिक जाती चर्चच्या आवारांत आढळल्या आहेत. कारण ज्या सखल प्रदेशांत उघडा खडकच नाहीं, तेथें थडग्याचा दगड हाच त्यांचा डोंगर. कांहीं जाती तर वर्षाला एक मिलिमीटरहि वाढत नाहींत. दगडावर कोरलेलें वर्ष आणि दगडफुलाचा घेर यांची सांगड घालून अभ्यासक त्यांच्या वाढीचा वेग ठरवितात. मृत्यूची नोंद ही अशा रीतीनें जीवनाचीहि नोंद होते.

या आवारांतील जुना रहिवासी म्हणजे यू वृक्ष. हॅम्पशरमधील सेलबर्न येथें असाच एक प्रचंड यू होता. त्याच गांवीं धर्मोपदेशकाचें काम करणाऱ्या गिल्बर्ट व्हाइट यांनीं १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्याच्या बुंध्याचा घेर २३ फूट नोंदविला आहे. सृष्टिनिरीक्षणाला ज्यांनीं वाङ्मयांत मानाचें स्थान मिळवून दिलें, ते व्हाइट १७९३ सालीं वारले. त्याच आवारांत त्यांचें साधें थडगें आहे आणि त्यावर नांवाचीं केवळ आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. तो यू वृक्ष मात्र जानेवारी १९९० च्या वादळांत उन्मळून पडला.

परंतु असें आवार केवळ कुलूप लावून टिकत नाहीं. पूर्वीं तेथील गवत वर्षांतून एक-दोनदां कापून जनावरांसाठीं वाळवीत, किंवा त्यांत मेंढ्या चरावयास सोडीत. पुढें ती रीत मोडली. दफनास जागा उरली नाहीं म्हणून कित्येक आवारें बंद झालीं. तरुण मंडळी शहरांकडे गेली. राखण करणारा वृद्ध वारला आणि त्याच्या जागीं कोणी आला नाहीं. मग ब्रॅम्बलचीं कांटेरी जाळीं माजतात, खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल दाटते, सिकॅमोरचीं रोपें थडग्यांच्या फटींत मूळ धरतात आणि कांहीं वर्षांत शिळा दुभंगतात. पाहणाऱ्याला वाटतें कीं, निसर्गानें आपली जागा परत घेतली. हें अर्धसत्य आहे. झुडुपांच्या सांवलींत काउस्लिप गुदमरतें, दगडफुलें उजेडावांचून मरतात, आणि अनेक जीवजातींच्या जागीं तीन-चार दांडग्या वनस्पतींचें राज्य सुरू होतें. उपेक्षेला स्वातंत्र्य म्हणणें ही सोयीची चूक आहे.

दुसरी चूक उलट टोकाची. कोणीतरी उत्साही पुढाकार घेतो, यंत्र आणतो, आणि सारें आवार दर आठवड्याला गालिच्यासारखें भादरून टाकतो. त्यांत फुलाला उमलण्यास आणि बीं धरण्यास अवकाशच मिळत नाहीं. माजलेलें रान आणि भादरलेला गालिचा या दोहोंमधून वाट काढणें, हेंच पुनरुद्धाराचें खरें कौशल्य होय.

म्हणून जाणते लोक प्रथम हत्यार उचलीत नाहींत, वही उचलतात. एक वर्षभर काय उगवतें, काय उडतें, कोण कोठें घरटें करतें, याची नोंद होते. मग झुडुपें एकदम न तोडतां टप्प्याटप्प्यानें काढलीं जातात, आणि तींहि पक्ष्यांचा विणीचा काळ टाळून. कांहीं जाळीं कुंपणाशीं मुद्दाम राखतात, कारण तेथें हेजहॉग आणि रॉबिन यांचा संसार असतो. वटवाघळांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. त्यांच्या निवाऱ्याला हात लावतां येत नाहीं. फुलांच्या भागांतील गवत फुलें बीं टाकून मोकळीं झाल्यावर, उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत, लांब दांड्याच्या विळ्यानें कापलें जातें. कापलेलें गवत कांहीं दिवस तेथेंच वाळूं देतात, म्हणजे बीं झडून मातींत पडतें. आणि मग तें उचलून नेतात. हें उचलणें फार महत्त्वाचें. तें तेथेंच कुजलें तर जमीन कसदार होते, आणि कसदार जमिनींत रानफूल हरतें, दांडगें गवत जिंकतें. शेतकऱ्याचा साऱ्या जन्माचा अनुभव येथें उलटा लागू पडतो. यलो रॅटल नांवाची लहानशी वनस्पती या कामांत मदतीला येते. ती गवताच्या मुळांतून आपलें पोषण चोरते, त्याचा जोर मोडते आणि इतर फुलांना जागा करून देते.

खरी कसोटी मात्र माणसांची असते. आवारांत ज्यांचा पति, आई किंवा मूल निजलेलें आहे, त्यांना गुडघाभर गवत हा अपमान वाटतो. त्यांना रानफुलांच्या याद्या वाचून दाखविणें व्यर्थ आहे; त्यांचें दुःख खरें आहे, आणि आवार पहिल्यानें त्यांचेंच आहे. ज्या गांवांनीं हें जाणलें, तेथें काम तडीस गेलें. ज्या थडग्यांना आप्त भेट देतात, तीं व त्यांकडे जाणाऱ्या वाटा नीट कापलेल्या राहतात. जुन्या, विस्मृत भागांतच गवत वाढूं देतात. सुबक कापलेली वाट दिसली कीं, तिच्या कडेचें उंच गवत हेतुपूर्वक ठेविलें आहे, हें येणाऱ्याला न सांगतां कळतें.

हें केवळ खेड्यांपुरतें नाहीं. पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्सची दफनभूमि चर्चचें आवार नव्हे. १८४१ सालीं एका कंपनीनें ती उघडली. तेथें सुमारें साडेतीन लक्ष माणसें पुरलीं गेलीं आणि त्यांतील बहुसंख्य गरीब होतीं. एकमेकांशीं नातें नसलेलीं माणसें एकाच खोल खड्ड्यांत, बहुधा नांवाच्या दगडावांचून निजलीं. महायुद्धांत तेथें बाँब पडले. १९६६ सालीं दफन बंद झालें, आणि थडगीं हटवून मोकळें उद्यान करण्याच्या योजनेप्रमाणें कांहीं भाग साफहि करण्यांत आला. स्थानिक लोकांनीं विरोध केला आणि तें काम थांबलें. पुढें १९९० सालीं त्यांनींच एक मित्रमंडळ स्थापन केलें. स्वयंसेवकांनीं दाट झाडींत उजेडाचीं मोकळीं मैदानें केलीं, तळीं खोदलीं, पडलेले दगड सांवरले, आणि नव्या शतकाच्या आरंभीं त्या भूमीला स्थानिक निसर्गराखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आसपासच्या शाळांचीं मुलें आज तेथें बेडूकमासे आणि फुलपांखरें पाहावयास येतात. ज्यांच्या थडग्यावर नांव कोरण्याइतकाहि पैसा नव्हता, त्यांच्याजवळ पुन्हां लेंकरांचा आवाज ऐकूं येतो.

इंग्लंड-वेल्समध्यें 'केअरिंग फॉर गॉड्स एकर' ही संस्था अशा जागांच्या संगोपनाचें काम करते, आणि तिच्या नांवांत तो जुना शब्द जिवंत आहे. परंतु संस्थेहून मोठी गोष्ट आहे ती दरवर्षींची हजेरी. एका वर्षीं गवत उचलावयाचें राहिलें तर फारसें बिघडत नाहीं. दहा वर्षें राहिलें तर ब्रॅम्बल परत येतें. पुनरुद्धार हा एका दिवसाचा समारंभ नव्हे. तो पिढीनें पिढीला सोंपवावयाचा विळा आहे. देवाच्या शेताला नांगर लागत नाहीं, पण राखणदार लागतो; आणि तो राखणदार होण्याची पाळी, पूर्वजांना तेथें पोंचविणाऱ्या प्रत्येक गांवावर केव्हांना केव्हां येतेच.