किरणांचा नेम
चंद्रपूर-गडचिरोलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घरोघरी पोहोचलाय. त्यामागोमाग तोंडाचा कर्करोगही. उपचारांत अनेकदा रेडिएशन लागतं. पण किरणं नेमक्या जागी, नेमक्या मात्रेत पडतात का? डोक्या-मानेच्या कर्करोगावरच्या एका आंतरराष्ट्रीय औषध-चाचणीत तज्ज्ञांनी रेडिएशनचे आराखडे तपासले. निष्कर्ष २०१० साली छापून आले. आराखड्यात गंभीर त्रुटी असलेल्यांपैकी दोन वर्षांनी ५० टक्के हयात होते, नीट उपचार मिळालेल्यांपैकी ७० टक्के. नव्या औषधानं मात्र एवढा फरक पडलाच नाही! आराखड्यासोबत यंत्रही तपासावं लागतं. त्यासाठी मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र रुग्णालयांना टपालानं छोटे मापक पाठवतं. त्यांवर किरणं सोडून ते परत पाठवले की यंत्राची मात्रा पडताळता येते. नागपूरला उपचारांना गेलात, तर आराखडा दुसऱ्या कुणी तपासला का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.