फेसाने वाळू सावरते



आज आम्ही तुम्हांला वाळूची आणि फेसाची गोष्ट सांगणार आहोत. वाळू आपण तानसेच्या काठी रोज पाहतो. फेसही कपडे धुताना रोज पाहतो. पण या दोघांची गाठ जमिनीच्या पोटात पडते, आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आधी आमच्या लहानपणची एक हकिकत ऐका. आम्ही तेव्हा सातवीत होतो. नदीकाठच्या शेतात आमचे काका विहीर खणत होते. वरची माती लागली, ती सरळ उभी राहिली. खाली वाळू लागली. वाळूला पाणी सुटलं. दुपारी एकदम बाजू घसरली आणि एक गडी छातीपर्यंत गाडला गेला. सगळा पाडा धावला. फावडी टाकून लोकांनी हातांनी वाळू उपसली. तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. पुढे त्याला नांगर धरता आला नाही. त्याची चूक काय होती? काहीच नाही. वाळूचा स्वभाव कोणी ओळखला नव्हता, एवढंच.

दुसऱ्या वर्षी तिथेच रिंगा टाकून विहीर केली. माणूस रिंगेच्या आत बसून खणतो. खालची वाळू निघाली, की रिंग खाली सरकते. वर दुसरी रिंग बसते. बाजूची वाळू रिंग अडवते आणि आतला माणूस सुरक्षित राहतो.

हीच विहीर आडवी केली असं समजा. झाला बोगदा! विलायतेत ब्रुनेल नावाच्या इंजिनियराने १८१८ साली अशी युक्ती नोंदवली. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यावरून त्याला ती सुचली, असं सांगतात. लोखंडी चौकटीच्या आड राहून माणसं खणत, आणि मागे विटांचं बांधकाम होई. या चौकटीला शील्ड म्हणजे ढाल म्हणतात. लंडनच्या थेम्स नदीखालचा बोगदा असाच झाला. १८२५ साली काम सुरू झालं आणि १८४३ साली बोगदा खुला झाला. मधल्या काळात नदी आत घुसली आणि माणसं दगावली.

आता ढाल म्हणजे प्रचंड लोखंडी नळकांडं असतं. पुढे दातांचं चाक फिरतं. त्याच्यामागे बंद खोली असते. तोडलेली माती त्या खोलीत भरते. खोलीतून एक मोठं मळसूत्र माती थोडी थोडी बाहेर ओढतं. मागे सिमेंटच्या तुकड्यांची रिंग बसते, आणि त्या रिंगेला रेटा देऊन यंत्र पुढे सरकतं.

बंद खोली कशाला? तिच्यातली माती दाबून भरलेली असते. बाहेरची जमीन आणि पाणी आत रेटतात, आतली माती त्यांना बाहेर रेटते. दोन्ही दाब सारखे राहिले, की जमीन जागच्या जागी राहते. माती जास्त काढली, तर वरचा रस्ता आणि घर खचतं. अशी यंत्रं जपानात १९७४ च्या सुमारास प्रथम चालली.

चिकणमाती असेल, तर हे सोपं आहे. पण वाळू? कोरडी वाळू मुठीत धरा, बोटांतून गळते. भिजलेली वाळू खोलीत भरली, तर तिच्या फटींतून पाणी सरळ वाहतं आणि मळसूत्रातून उसळून बाहेर येतं. पाण्याबरोबर वाळू येते. दाब गेला, की वरची जमीन बसली. शिवाय वाळू लोखंडाला घासते. दात झिजतात. चाक फिरवायला फार जोर लागतो.

इथे फेस कामाला येतो. रिठा पाण्यात घुसळला, की फेस होतो. तसंच इथे शंभर भाग पाण्यात एक ते तीन भाग फेसाचं औषध घालतात आणि दाबाने हवा मिसळतात. एका घागरीच्या पाण्याचा दहा-पंधरा घागरी फेस होतो. तो चाकाच्या पुढे आणि खोलीत सोडतात. बारीक बुडबुडे वाळूच्या कणांमध्ये शिरतात. पाण्याची वाट अडते. कण एकमेकांवर घासत नाहीत, घसरतात. दाब थोडा कमीजास्त झाला, तर बुडबुडे दबतात आणि पुन्हा फुगतात. गळणारी वाळू तांदळाच्या उकडीसारखी मऊ होते. उकड कशी, हाताला चिकटत नाही आणि ताटात पसरत नाही, तशी.

पण प्रमाण हवं. फेस कमी पडला, तर मळसूत्र अडतं. जास्त झाला, तर पेज होते. मग आतला दाब टिकत नाही. यासाठी गवंडी काँक्रीटचा स्लंप पाहतो, तसाच मातीचा पाहतात. तीस सेंटिमीटर उंचीच्या शंकूत माती भरून शंकू उचलतात. ढीग दहा ते वीस सेंटिमीटर बसला, तर बहुधा ठीक. वाळू फार जाड आणि पाणी फार असेल, तर नुसत्या फेसाने भागत नाही. बेंटोनाइट माती किंवा दुसरं चिकट औषधही द्यावं लागतं.

फेस काही तासांत, काही दिवसांत विरतो. माती पुन्हा घट्ट होते. तरी ती ओढ्यात टाकू नये. औषधाने मासे मरू शकतात. तपासून मगच टाकावी.

दिल्लीत यमुनेकाठच्या वाळूमिश्र मातीत मेट्रोचे बोगदे अशाच यंत्रांनी निघाले. मुंबईखाली बहुतेक काळा खडक. कुलाबा ते सीप्झ हा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग १७ यंत्रांनी खणला. खणण्याचा शेवटचा टप्पा ३० नोव्हेंबर २०२२ रोजी पार पडला. त्या यंत्रांना नद्यांची नावं दिली होती. त्यांत आपली तानसा होती, वैतरणाही होती! आणि आपल्याच तालुक्यातल्या गुंदवलीपासून भांडुपपर्यंत मुंबईचं पाणी नेणारा सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा आहे. आपण त्याच्यावरून जातो-येतो, आपल्याला कळतही नाही.

मंडळी, आपली मुलं अशा कामांवर जातात. औषधाच्या पिंपावर सूचना छापलेली असते. दाबाच्या घड्याळावर आकडे असतात. ज्याला ते वाचता येतात, तो वेळेवर ओरडून दहा जणांना बाहेर काढतो. तुम्ही रात्रीच्या वर्गात अक्षरं गिरवता, ती याचसाठीही आहेत.

आणि गावातही एक गोष्ट पाळा. नळाचा चर असो की विहीर असो, छातीपेक्षा खोल खड्ड्यात आधाराच्या फळ्या किंवा रिंगा असल्याशिवाय उतरू नका. मुकादम घाई करील, तरी उतरू नका. एक मीटर लांब, रुंद आणि उंच ओल्या वाळूचं वजन जवळजवळ दोन टन भरतं. तेवढा भार छातीवर आला, तर श्वास घेता येत नाही.

काकांच्या विहिरीवरचा तो गडी पुढे म्हातारा होईपर्यंत आमच्या ओट्यावर येऊन बसत असे. त्याच्या पायाकडे पाहून आम्ही हे शिकलो. तुम्ही ऐकून शिका.