शुल्कमाफीच्या पलीकडे
(राहाता येथील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा सारांश)

मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून माफ केले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण घरकामाची माफी कोणत्याही शासननिर्णयात नसते. राहात्याच्या पेरूबागांतून वा उसाच्या पट्ट्यातून लोणीच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी एस.टी. गाठण्यापूर्वी पाणी भरते, भाकऱ्या थापते. परतल्यावर तेच काम तिची वाट पाहत असते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८, असे आढळले. हे आकडे केवळ विद्यार्थ्यांचे नव्हेत. परंतु सवय याच वयात लावली जाते. शिवाय परीक्षेच्या ऐन दिवसांत स्थळ पाहायला येते, ते वेगळेच.

मुलगा सुखी आहे, असा मात्र समज नको. वाटण्या होऊन उरलेली दोन एकर जमीन, नोकरी नाही, नोकरीवाचून मुलगी मिळत नाही, आणि रडणे पुरुषाला शोभत नाही! २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत मुलांची संख्या मुलींहून अधिक होती, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. एकीला बोलू दिले जात नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. दोन्हींचे मूळ एकाच पुरुषप्रधान व्यवस्थेत आहे.

डॉ. लोहियांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेचे स्थान पहिले होते. समतेवर बौद्धिके घेणाऱ्यांच्या घरी बैठकीचा चहा आजही आतूनच येतो, हे इथे सांगणे काहींना आवडणार नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांत जाऊन त्याची अंमलबजावणी तपासावी. एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे पद लिहून भागवले जात असेल, तर जाब विचारावा. खोली कार्यालयाला लागून नसावी. मुलाला तिथे जाताना लाज वाटू नये आणि मुलीला पालकाची सही मागितली जाऊ नये.