वचन धोरणाचे, जामीन व्यक्तीचा

(कळंब येथे मतदार-जागृतीच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मतदान करताना नेत्याचे व्यक्तिमत्त्व पाहावे की त्याच्या पक्षाची धोरणे पाहावीत, असा विषय आज माझ्यासमोर ठेवण्यात आला आहे. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘दोन्ही पाहावे’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते. परंतु दोन्हींचा मेळ बसत नाही तेव्हा काय करावे, हे त्या उत्तरातून कळत नाही. खरी कसोटी त्याच वेळी लागते.

हा विषय धाराशिव जिल्ह्यात मांडताना दूरचे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत ओमराजे निंबाळकर धनुष्यबाण या चिन्हावर युतीचे उमेदवार होते आणि त्यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेसचे राणा जगजितसिंह पाटील उभे होते. ओमराजे सव्वा लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीपूर्वी राणा जगजितसिंह भारतीय जनता पक्षात आले आणि तुळजापुरातून कमळ चिन्हावर निवडून आले. पुढे २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिले, तर ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवार यांच्या पक्षाकडे गेले. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत तेच ओमराजे मशाल चिन्हावर उभे राहिले आणि महायुतीच्या उमेदवार अर्चना पाटील घड्याळ या चिन्हावर.

आता आपल्या कार्यकर्त्याची अवस्था लक्षात घ्या. ज्या व्यक्तीसाठी पाच वर्षांपूर्वी त्याने घरोघरी पत्रके वाटली, तिच्याविरुद्ध त्याला प्रचार करावयाचा होता. आणि ज्या चिन्हाला या जिल्ह्यात वर्षानुवर्षे विरोध केला, त्यासाठी मत मागावयाचे होते. तो बिचारा सांगत होता, ‘ही निवडणूक देशाची आहे, धोरणाची आहे.’ सांगणे खरेच होते. पण मतदाराच्या नजरेतून पाहिले तर पक्ष बदलले होते, चिन्हे बदलली होती, युत्या बदलल्या होत्या. ओळखीचा उरला होता तो केवळ माणूस. आणि हा माणूस फोन स्वतः उचलतो, अशी त्याची जिल्हाभर ख्याती. निकाल सव्वातीन लाखांहून अधिक मताधिक्याचा लागला.

हा निकाल लागल्यावर ‘मतदार भावनेच्या आहारी गेला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते मान्य नाही. धोरणाची बाजू मांडणारे आपली जागा सारखी बदलू लागले की मतदार व्यक्तीचा आधार शोधतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. राज्यभर महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. त्या लाटेतही आपल्या जिल्ह्यातील चार जागा दोन-दोन अशा विभागल्या गेल्या. तुळजापूर आणि परंडा महायुतीकडे, तर उमरगा आणि ज्यात आपले कळंब येते तो उस्मानाबाद मतदारसंघ विरोधकांकडे. एकाच जिल्ह्यातील मतदाराने सुमारे सहा महिन्यांत दोन वेगळे कौल दिले. तो विचार करतो, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

भावाचा प्रश्न आणि फोनचा प्रश्न

परंतु मतदाराचा आदर करणे म्हणजे त्याला केवळ गोड बोलणे नव्हे. म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. आपला तालुका सोयाबीनचा. २०२४-२५च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारातील भाव त्याच्या बराच खाली राहिला. हा भाव कोण ठरवतो? आडत्या ठरवत नाही, बाजार समितीचा सभापती ठरवत नाही, आणि कितीही तत्पर असला तरी एकटा खासदारही ठरवू शकत नाही. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूलभूत आयात शुल्क लावले. मे २०२५च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. शुल्क वाढले तर उत्पादकाला आधार मिळतो, पण गृहिणीचा तेलाचा डबा महागतो. उतरले तर उलटे घडते. या दोन हितांचा तोल राखणे म्हणजे धोरण. उमेदवाराच्या स्वभावात त्याचे उत्तर सापडत नाही. त्याचा पक्ष शेतीकडे, ग्राहकाकडे आणि स्वदेशीकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, यात ते सापडते.

पीक विम्याचेही तसेच. २०२३च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. सुरू करणे हे धोरण होते, बंद करणे हेही धोरण होते. हाताशी असलेला लोकप्रतिनिधी विम्याचा अडकलेला अर्ज पुढे सरकवू शकतो. विमा कोणत्या अटींवर मिळावा, हे तो एकटा ठरवू शकत नाही. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात मतदानाच्या वेळी सदस्याला पक्षादेश पाळावाच लागतो. आपण माणूस म्हणून ज्याला निवडतो, तो तेथे बहुधा पक्ष म्हणूनच हात वर करतो. हे वास्तव विसरून केवळ व्यक्तीला दिलेले मत अर्ध्या वाटेवर थांबते.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याकडे पाहा. गणपतराव देशमुख तेथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. साधी राहणी, निष्कलंक चारित्र्य आणि अखंड जनसंपर्क यांत त्यांचा हात धरणारा विरळा. आपला त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाच्या मार्क्सवादी विचाराशी मूलभूत मतभेद आहे. तरीही त्यांच्या सार्वजनिक जीवनापुढे मस्तक नम्र होते. सांगोल्याने माणूस ओळखला, यात शंका नाही. पण त्याच अर्धशतकात त्यांचा पक्ष राज्यात आक्रसत गेला. गणपतरावांची पुण्याई सांगोल्याच्या सीमा ओलांडून पक्षाच्या कार्यक्रमाला नवे जीवन देऊ शकली नाही. थोर व्यक्तिमत्त्वाला धोरणाच्या प्रसाराची जोड मिळाली नाही, तर तो दीप एकाच देवळात तेवत राहतो.

व्यक्ती गेली, धोरण उरले

याच्या उलट उदाहरण आपल्या परिवाराच्या इतिहासात आहे. भारतीय जनसंघाची स्थापना २१ ऑक्टोबर १९५१ रोजी झाली. संस्थापक डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी २३ जून १९५३ रोजी श्रीनगरच्या बंदिवासात निवर्तले. अवघ्या दोन वर्षांच्या पक्षाचा सर्वांत मोठा चेहरा गेला. व्यक्तीवर उभा असलेला पक्ष तेथेच संपला असता. परंतु काश्मीरच्या संपूर्ण एकात्मतेची मागणी त्यांच्याबरोबर गेली नाही. ती ठरावांत राहिली, जाहीरनाम्यांत राहिली, पराभवांच्या रांगेतही राहिली. ५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने कलम ३७० निष्प्रभ करण्याचा निर्णय संसदेत मांडला. मधली सहासष्ट वर्षे ज्यांनी त्या मागणीसाठी मत दिले, त्यांतील अनेकांना विजय पाहावयास मिळाला नाही. त्यांचे मत तरीही वाया गेले नाही. धोरणाला दिलेल्या मताचे आयुष्य असे असते.

अटलजींच्या बाबतीत तर हा प्रश्न लोकसभेतच उपस्थित झाला. १६ मे १९९६ रोजी शपथ घेतलेल्या त्यांच्या सरकारला २८ मे रोजी राजीनामा द्यावा लागला. त्या चर्चेत विरोधक म्हणत, वाजपेयी चांगले, पण त्यांचा पक्ष ठीक नाही. अटलजींनी त्यावर हसत हसत विचारले होते की, मग या चांगल्या वाजपेयींचे तुम्ही करणार तरी काय? त्या विनोदात मोठा सिद्धान्त दडला होता. ज्या विचाराने त्यांना घडविले, तो बाजूला सारून फक्त त्यांची प्रतिमा उचलणे शक्य नव्हते. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणमध्ये अणुचाचण्या झाल्या, तेव्हा हे जगाला दिसले. अण्वस्त्रसज्जतेचा आग्रह जनसंघापासूनचा. पण जागतिक निर्बंधांची धमकी समोर असताना तो अमलात आणण्यास अटलजींसारखा निश्चयी माणूस लागला.

येथे मी माझ्या प्रतिपादनाच्या गाभ्याशी येतो. आपल्याकडे व्यवहारात वचनचिठ्ठी असते आणि जामीन असतो. चिठ्ठीत काय लिहिले आहे ते न वाचता केवळ जामीनदाराचे तोंड पाहून कोणी शहाणा पैसे देत नाही. आणि चिठ्ठी कितीही सुंदर अक्षरात लिहिलेली असली, तरी भरवशाच्या जामिनाशिवायही देत नाही. राजकारणात धोरण हे वचन आहे आणि व्यक्ती हा त्या वचनाचा जामीन आहे. म्हणून धोरण आधी पाहावे. आणि व्यक्तीमध्ये ते धोरण पार पाडण्यास लागणारे गुण आहेत का, हे नंतर तितक्याच कठोरपणे पाहावे. सचोटी, चिकाटी, अभ्यास आणि लोकांना उपलब्ध असणे हे ते गुण होत. वक्तृत्व, घराणे, जात आणि गाड्यांचा ताफा यांचा त्यांत समावेश होत नाही.

वाईट उमेदवार आणि चांगला पक्ष

आता कोणी विचारील, पक्ष आपला, धोरण आपले, पण उमेदवार नालायक असेल तर? या प्रश्नाला बगल देण्याची आपली परंपरा नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर ‘ऑर्गनायझर’मधील आपल्या लेखनात मतदाराला निःसंदिग्ध सल्ला दिला होता. चांगल्या पक्षाचा म्हणून वाईट उमेदवार मतास पात्र ठरत नाही, अशा आशयाचे ते प्रतिपादन होते. एका राजकीय पक्षाचा प्रमुख संघटक हे लिहितो, याचे मोल ओळखावे. आणि हे त्यांनी फक्त लिहिले नाही. १९६३च्या जौनपूर पोटनिवडणुकीत ते स्वतः उभे राहिले, जातीच्या नावाने मत मागण्यास त्यांनी नकार दिला आणि पराभव पत्करला. तत्त्वासाठी किंमत मोजण्याची तयारी नसेल, तर धोरणाच्या गप्पा पोकळ ठरतात.

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. धर्मातील भक्ती मोक्षाकडे नेईल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे सांगणे. ‘इंदिरा म्हणजेच भारत’ ही घोषणा देणाऱ्यांनी तो इशारा खरा करून दाखविला, आणि १९७७ मध्ये मतदाराने त्याचे उत्तर दिले. संघाच्या शाखेत डॉ. हेडगेवारांनी गुरुस्थानी स्वतःला ठेवले नाही, कोणत्याही व्यक्तीला ठेवले नाही. भगवा ध्वज ठेवला. व्यक्ती स्खलनशील असते, हे त्यामागील सूत्र आहे. हा संस्कार घेतलेल्यांनी आपल्या नेत्याबद्दलही आदर आणि अंधभक्ती यांतील सीमारेषा ओळखावी. एका चेहऱ्यावर सारी निवडणूक सोडून देणारा कार्यकर्ता स्वतःचे काम टाळत असतो.

तराजू एकच असला तरी वजने मात्र निवडणुकीप्रमाणे बदलतात. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नाही. तेथे माणूसच पाहावा. नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट निवडला जातो आणि नगरसेवकासाठी मत वेगळे असते. तेथे दोन्ही मते स्वतंत्रपणे तोलावीत, एकाच्या लाटेत दुसऱ्याला वाहू देऊ नये. विधानसभेला धोरण आणि व्यक्ती जवळपास समान. लोकसभेला, जेथे संरक्षण, परराष्ट्रसंबंध, आयात-निर्यात ठरते, तेथे धोरणाचे पारडे जड असावे.

शेवटी दोन शब्द कार्यकर्त्यांसाठी. १९५७ मध्ये मावळातून आमदार झालेले रामभाऊ म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवत. काय केले, काय राहिले, याचा हिशोब लेखी. त्या अहवालात व्यक्ती आणि धोरण एकत्र आलेले असत. फोन उचलणे ही सेवा आहे, तिचे मोल कमी नाही. पण सभागृहात कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर काय मत दिले, हेही मतदाराला कळले पाहिजे. २०२४ मध्ये या जिल्ह्याने ‘तुमचा माणूस कोण?’ असा प्रश्न विचारला होता. केवळ ‘आमचे धोरण थोर’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नव्हते. ते धोरण ज्यांच्या वागण्यात दिसते, अशी माणसे गावोगावी उभी करणे, हे आपले काम आहे. उमेदवारी जाहीर झाल्यावर कुरकुर करण्यापेक्षा ती ठरण्याआधी पक्षात निर्भयपणे बोलावे. आणि मतदारांनी मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो आपल्या विचाराचा का असेना, वचनही मागावे आणि जामीनही तपासावा.

 भारत माता की जय!