सरकती खिडकी काढताना



महाडकरांना पुराचे वेगळे वर्णन सांगायला नको. २००५ चा जुलै अजून आठवतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी पुन्हा शहरात शिरले आणि ओसरताना घराघरांत गाळ ठेवून गेले. भिंती धुता आल्या, भांडी घासता आली. पण सरकत्या खिडक्यांच्या खोबणीतला गाळ वाळून दगडासारखा घट्ट झाला. तेव्हा घरातल्या झडपा मी एकेक करून उतरवल्या. त्या कामातून कळलेले आज सांगतो.

खिडकी काढण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हिचे वजन कशावर पेलले आहे? पाच मिलीमीटर जाडीची एक चौरस मीटर काच साधारण १२.५ किलो भरते. त्यामुळे हे काम एकट्याने करू नये.

आपल्याकडच्या ॲल्युमिनिअमच्या खिडकीत हे वजन झडपेच्या तळाशी असलेल्या छोट्या चाकांवर असते. वरची खोबणी खोल असते, ती झडपेला फक्त उभे धरते. म्हणून झडप दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचलावी, तळ पट्टीच्या वर आला की आत ओढावा आणि मग खाली उतरवावी. आतल्या बाजूची झडप आधी निघते. उचलूनही तळ सुटत नसेल, तर वरच्या खोबणीत झडप उचलता येऊ नये म्हणून बसवलेला तुकडा आहे का, ते पाहावे. चाक खालीवर करण्याचा स्क्रू असल्यास चाक आत घ्यावे. पहारीने जोर करू नये. हातमोजे आणि पायात चप्पल हवीच.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून खालीवर सरकणाऱ्या खिडक्या रूढ झाल्या. तिथे वजन तळावर नसते. चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजने लटकतात आणि कप्पीवरून गेलेल्या दोऱ्या झडप तोलून धरतात. ती काढताना आधी आतली लाकडी पट्टी सोडवतात, झडप थोडी वर घेऊन एक बाजू आत ओढतात आणि दोरी सोडण्यापूर्वी तिला गाठ मारतात. गाठ नसेल, तर दोरी कप्पीवरून निसटते आणि वजन पोकळीत पडते. रचना निराळी, पण प्रश्न तोच.

झडप निघाली की खोबणी जुन्या टूथब्रशने घासावी. चौकटीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोके असतात. ती तारेने मोकळी करावीत. कोकणात पावसाळ्यात सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भोके बुजली, की हे पाणी खोबणीत साचून घरात उतरते, आणि पुष्कळदा आपण दोष भिंतीला देतो. चाकांना खाद्यतेल लावू नये. धूळ चिकटून ती पुन्हा अडतात. झडपांवर पेन्सिलीने डावी-उजवी लिहून ठेवावे, आणि बसवताना आधी वरची कड खोबणीत घालून मग तळ चाकांवर टेकवावा.

हे काम मे महिन्यात, पहिल्या सरीआधी करावे. घरातली माणसे एकदा एकत्र जमली, तर दुपारभरात आटोपते.